'वॉटरमार्क' ऐकताना

आपल्या या त्रैमासिकात संगीतावर जे लेख येतात ते बहुधा नाट्यपदांवर, भावगीतांवर किंवा माळव्यात राहून गेलेल्या थोर गवयांवर असतात. त्यांच्या पंगतीत आयर्लंडमधल्या एका गायिकेच्या इलेक्ट्रॉनिक पॉप अल्बमला पाट मांडणे काही वाचकांस रुचणार नाही, याची मला कल्पना आहे. मी या संगीताचा जाणकारही नव्हे. माझी हयात महसुलाच्या नस्त्या चाळण्यात आणि त्यांवर टिपण्या लिहिण्यात गेली. तरीही १९८८ साली निघालेला एन्या या गायिकेचा 'वॉटरमार्क' हा अल्बम मी गेली तीस-बत्तीस वर्षे ऐकत आलो आहे. त्याविषयी जे सर्वत्र बोलले जाते त्यातले निम्मे मला चुकीचे वाटते. शिवाय, परभाषेच्या मुलखात चार-पाच पिढ्या काढलेल्या आपल्यासारख्यांना हा अल्बम एक असा प्रश्न विचारतो, जो कोणत्याही भावगीताने मला विचारलेला नाही. म्हणून हे धाडस.

प्रथम तो माझ्या हाती कसा आला ते सांगतो. १९९३-९४ च्या सुमारास माझी नेमणूक पश्चिम मध्य प्रदेशातील एका तहसिलीच्या गावी होती. मेहुण्याने मुंबईहून येताना काही कॅसेटी आणल्या, त्यांत ही एक होती. संध्याकाळी वीज जाणे हा तिथला नित्याचा भाग, आणि बॅटरीवर चालणारा टेपरेकॉर्डर हीच काय ती करमणूक. अंधारात व्हरांड्यात बसून ती कॅसेट ऐकताना माझी अशी ठाम समजूत झाली की, हे एखाद्या मोठ्या ख्रिस्ती मंदिरातले समूहगान आहे आणि पन्नास-साठ बायका ते गात आहेत. सौभाग्यवतींनी तर 'भजनी मंडळ' असेच त्या कॅसेटचे नाव पाडले होते. तो सर्व आवाज एकाच बाईचा आहे, हे मला कळायला पुढे कितीतरी वर्षे जावी लागली. ते कळले तेव्हा एखादा दस्तऐवज खोटा निघावा तसे क्षणभर वाटले, हे कबूल करतो. पुढे पुढे मात्र उलट वाटू लागले. या अल्बमचे सगळे खरेपण त्या एकटीने केलेल्या गर्दीतच आहे, असे आज माझे मत आहे.

एन्याचा जन्म १९६१ सालचा, आयर्लंडच्या वायव्य टोकाला असलेल्या डोनेगल परगण्यातल्या ग्वीडोर या भागातला. आयर्लंड म्हटले की सर्व इंग्रजी बोलणारे, अशी आपली समजूत असते. परंतु ग्वीडोर हे 'गेल्टाख्त'मध्ये मोडते. ज्या पट्ट्यांत आयरिश, म्हणजे त्या देशाची मूळ केल्टिक भाषा, घराघरांत बोलली जात राहिली, त्यांना तिथल्या शासनाने दिलेले हे नाव. एन्या याच भाषेत वाढली. वडील लिओ ब्रेनन यांचा नृत्यसंगीताचा वाद्यवृंद होता, पुढे मीनालेक येथे त्यांनी मद्यगृह चालवले. आई संगीत शिकवीत असे. नऊ भावंडांतली ही एक. १९७० साली तिची तीन मोठी भावंडे आणि दोन जुळे मामा यांनी मिळून 'क्लॅनाड' नावाचा गट उभा केला. या नावाचा अर्थच मुळी 'डोरकडचे कुटुंब'. १९८० मध्ये एन्या त्यात सामील झाली, पण तिथे ती कीबोर्डपाशी आणि मागच्या आवाजात, घरातल्या धाकट्या मुलीला जेवढी जागा मिळते तेवढ्यात होती. १९८२ मध्ये ती गटातून बाहेर पडली. गटाचे व्यवस्थापन पाहणारे निकी रायन आणि त्यांच्या पत्नी रोमा यांच्याबरोबर ती डब्लिनच्या उत्तर भागातील आर्टेन या वस्तीत त्यांच्याच घरी राहू लागली. गंमत अशी की, ती बाहेर पडल्यावर त्याच वर्षी क्लॅनाडचे 'हॅरीज गेम' या दूरदर्शन मालिकेचे शीर्षकगीत, तेही आयरिश भाषेतले, ब्रिटनच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेले.

तिच्या नावाविषयी दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. जन्मनाव आयरिश वळणाचे. आयरिश लेखनपद्धतीत ते 'एथने' असे काहीतरी दिसते आणि डोनेगलकडच्या बोलीत त्याचा उच्चार 'एन्या' असा होतो. परक्यांना ते वाचता येईना म्हणून उच्चाराप्रमाणे नवे स्पेलिंग केले गेले. आपल्यापैकी किती घरांतल्या मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर 'काळे'चे 'काले' आणि 'गोळवलकर'चे 'गोलवलकर' झाले, हे आठवून पाहावे. फरक इतकाच की, एन्याने लिपी बदलली आणि उच्चार राखला. आपण उच्चार सोडून दिला.

निकी, रोमा आणि एन्या या तिघांची विभागणी ठरलेली होती. चाल आणि गायन एन्याचे, शब्द रोमा यांचे, ध्वनीची मांडणी निकी यांची. आर्टेनच्या घराच्या बागेतील शेडमध्ये त्यांनी 'एगल' नावाचा छोटा स्टुडिओ थाटला. निकी रायन यांच्या डोक्यात एक कल्पना बरीच वर्षे घोळत होती. अमेरिकेत फिल स्पेक्टर यांनी वाद्यांवर वाद्ये रचून 'ध्वनीची भिंत' म्हणून जो प्रकार केला होता, तसा तो माणसाच्या एकाच आवाजातून का करू नये? मग एकच ओळ एन्याने पुन्हा पुन्हा गायची, प्रत्येक वेळी ती वेगळ्या मार्गिकेवर मुद्रित करायची, आणि असे अनेक थर एकमेकांवर बसवायचे. यंत्राने एका थराची नक्कल करून काम भागवण्याची सोय तेव्हाही होती. त्यांनी ती टाळली. प्रत्येक थर पुन्हा गायचा, हा त्यांचा नियम. दोन वेळा गायलेल्या एकाच ओळीत केसाइतका फरक राहतो आणि अशा शेकडो केसांच्या फरकातून तो घुमारा निर्माण होतो. आपल्याकडे १९८७ च्या 'इजाजत' चित्रपटातील 'कतरा कतरा' या गाण्यात राहुलदेव बर्मन यांनी आशाबाईंचा आवाज आशाबाईंवरच चढवला होता, ते अनेकांना आठवेल. तिथे दोन आशाबाई एकमेकींशी लपंडाव खेळतात. इथे शंभर एन्या एकाच श्वासात उभ्या राहतात.

वाद्यांचे म्हणाल तर पियानो आणि सिंथेसायझर. जुनो-६०, यामाहाचा डीएक्स-७, रोलंडचा डी-५० अशी त्या काळातील कोणत्याही नृत्यगीतांच्या गटाजवळ असणारी यंत्रे. मुद्दाम सांगतो, कारण दुकानांत हा अल्बम 'न्यू एज' नावाच्या कप्प्यात ठेवला गेला आणि त्या शब्दाने त्याचे नुकसान केले. ध्यानधारणा, मालिश, दंतवैद्याकडची प्रतीक्षा, हॉटेलातली लिफ्ट, अशा ठिकाणी वाजवायचे ते संगीत, असा शिक्का बसला. यांत्रिक तालावर चालणारे, चार मिनिटांच्या आत संपणारे, ओठांवर राहणारे गीत म्हणजे पॉप. या व्याख्येने पाहिले तर यातील अर्धी गाणी स्वच्छ इलेक्ट्रॉनिक पॉप आहेत. तरुण पिढीच्या संगीतकारांनी हे टीकाकारांच्या आधी ओळखले. तिच्या १९८७ च्या पहिल्या अल्बममधील 'बोडिसिया'चा तुकडा १९९६ मध्ये 'फ्यूजीज' या अमेरिकन रॅप गटाने आपल्या 'रेडी ऑर नॉट'मध्ये, प्रथम परवानगीवाचूनच, उचलला. ध्यानाच्या संगीतातून कोणी रॅपचा पाया घालीत नाही.

आता खुद्द 'वॉटरमार्क'कडे वळू. सप्टेंबर १९८८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. मूळ आवृत्तीत अकरा रचना, सगळे मिळून जेमतेम चाळीस मिनिटे. प्राथमिक मुद्रणे आर्टेनच्या शेडमध्ये झाली आणि मग लंडनच्या ओरिनोको स्टुडिओत सर्व पुन्हा डिजिटल पद्धतीने मुद्रित केले गेले.

पहिली रचना शीर्षकाचीच, शब्दांवाचून, पियानोवर. वॉटरमार्क म्हणजे आपल्या कामकाजातील जलचिन्ह. मुद्रांकाचा कागद उजेडासमोर धरला की दिसते, टेबलावर ठेवला की नाहीसे होते. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका वृद्ध कारकुनाने मला ते पाहायला शिकवले होते. रोमा रायन यांच्या मनात नेमके काय होते ते असो, मला मात्र हा अल्बम त्या सवयीनेच ऐकावा लागतो. टेबलावर ठेवला तर सुखद, गुळगुळीत, थोडा झोप आणणारा. उजेडासमोर धरला तर त्यात एकच गोष्ट ठिकठिकाणी दिसते, आणि ती म्हणजे घर सोडणे. 'ऑन युअर शोअर' आठवणीतल्या किनाऱ्याविषयी, 'एक्झाइल' तर नावानेच परागंदा होण्याविषयी. 'मिस क्लेअर रिमेम्बर्स' ही पियानोची छोटी रचना मिस रीड या इंग्रज लेखिकेच्या कादंबरीचे नाव घेऊन आलेली, तिच्याही नावात 'आठवणे' आहेच. 'कर्सुम पेर्फिसिओ' लॅटिनमध्ये आहे, अर्थ 'मी माझा प्रवास पूर्ण करते'. हे शब्द मेरिलिन मन्रो हिच्या लॉस एंजेलिसमधील शेवटच्या घराच्या उंबऱ्याशी फरशीवर कोरलेले होते. म्हणजे तेही घरच, पण ज्यात ती काही महिन्यांपलीकडे राहिली नाही असे.

'ईव्हनिंग फॉल्स' सर्वांत विलक्षण. एका जुन्या भुताच्या गोष्टीवर ते आधारलेले आहे. एका बाईला वारंवार एका घराचे स्वप्न पडते. एक दिवस ते घर तिला प्रत्यक्षात सापडते. आतली माणसे तिला पाहून घाबरतात, कारण त्यांच्या घरात वावरणारे भूत म्हणून ते तिलाच ओळखतात. एन्या हे गाणे अगदी शांतपणे, एखादी अंगाई गावी तसे गाते, आणि म्हणून ते अंगावर येते. आमच्या घराण्याचा कोकणात एक वाडा होता म्हणतात. आजोबांनी तो पाहिलेला नव्हता, वडिलांनीही नाही. तरी दोघेही तिथली विहीर कुठे आणि फणस कुठे ते अचूक सांगत. बारा वर्षांपूर्वी मी त्या गावी गेलो तेव्हा तिथल्या लोकांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर या गाण्यात आहे. अधिक सांगत नाही.

डोनेगलच्या लोकांना घर सोडणे हा काव्याचा विषय कधीच नव्हता. १८४५ नंतरच्या महादुष्काळात आयर्लंडमधून लाखो माणसे मेली आणि लाखो देशोधडीला लागली. त्यानंतरही डोनेगलची तरुण मुलेमुली बटाट्याच्या काढणीसाठी दर हंगामात स्कॉटलंडला जात राहिली. या पार्श्वभूमीवर 'एक्झाइल'मधला तो बांबूच्या बासरीसारखा यंत्रातला आवाज कृत्रिम वाटतो, हे मान्य. मला ते गाणे थोडे जास्त गोडही वाटते. दुःखाला इतकी साय धरू नये.

आणि ज्या गाण्याने हे सर्व जगभर गेले, ते 'ओरिनोको फ्लो', मला या अल्बमचे सर्वांत हुशार पण सर्वांत कमी खोल गाणे वाटते. कंपनीचे प्रमुख रॉब डिकिन्स यांनी स्वतंत्रपणे काढता येईल असे एखादे गीत मागितले, म्हणून ते रचले गेले. नाव दक्षिण अमेरिकेतल्या नदीचे असले तरी ते खरे म्हणजे लंडनच्या त्या स्टुडिओवरून आलेले. गाण्यात खुद्द डिकिन्स यांचेही नाव गमतीने गोवलेले आहे. तारा छेडल्यासारखा जो तुटक ठेका सर्वांना परिचित आहे, तो रोलंड डी-५० या यंत्रात कारखान्यातूनच भरून आलेल्या एका आवाजावर बेतलेला. ट्रिपोलीपासून पेरूपर्यंत गावे-देश यमकासाठी माळेत ओवले आहेत. १९८८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ते ब्रिटनच्या यादीत तीन आठवडे पहिले होते. हे गाणे ऐकून मन प्रसन्न होते, यात शंका नाही. परंतु परगावी जाणाऱ्या जहाजाचे हे वर्णन तिकीट परतीचे असणाऱ्याचे आहे. उरलेल्या अल्बममधल्या माणसांजवळ ते तिकीट नाही.

इथवर आस्वाद झाला. आता ज्यासाठी लेखणी उचलली तो मुद्दा.

अकरा रचनांपैकी आयरिश भाषेतल्या फक्त दोन. एक 'स्टॉर्म्स इन आफ्रिका', नाव इंग्रजी पण शब्द आयरिश, आणि दुसरी अखेरची, जिच्या शीर्षकाचा अर्थ 'माझ्या तारुण्याचे उजळ दिवस' असा होतो. अल्बमच्या एक कोटीहून अधिक प्रती जगात खपल्या, आणि त्या ऐकणाऱ्यांपैकी आयरिश समजणारे हाताच्या बोटांवर मोजण्याजोगे. खुद्द आयर्लंडमध्ये २०२२ च्या जनगणनेत सुमारे १८ लाख ७० हजार लोकांनी आपल्याला आयरिश बोलता येते असे लिहून दिले, पण शाळेबाहेर रोज ती बोलणारे निघाले फक्त ७२ हजारांच्या आसपास. जनगणनेच्या कामावर मी दोनदा होतो. 'येते' आणि 'बोलतो' यांतले अंतर रकान्यात कसे बुजते, ते मी इंदूरच्या आपल्याच गल्ल्यांत पाहिलेले आहे. मातृभाषा मराठी म्हणून ठणकावून सांगणाऱ्या गृहस्थांनी पुढचे सगळे बोलणे हिंदीतून केले होते.

तेव्हा प्रश्न असा की, ज्यांना समजत नाही त्यांच्यापुढे गायलेली भाषा ही भाषा राहते की नुसता रंग होऊन जाते? 'स्टॉर्म्स इन आफ्रिका'मध्ये ढोलांचा ठेका आणि शब्दांचे आघात इतके सुंदर जुळतात की अर्थाची उणीव भासतच नाही. आणि उणीव भासत नाही, हाच माझा आक्षेप. डोनेगलचे जुने गायक वाद्याच्या साथीवाचून, एकट्याने, भिंतीकडे तोंड करून गावे तसे गात. आयरिशमध्ये या रीतीला 'जुनी रीत' असेच नाव आहे, आणि डोनेगलकडची गायकी त्यातही अलंकार कमी वापरणारी मानतात. त्या गाण्यात प्रत्येक शब्द नीट ऐकू आला पाहिजे, कारण गाणे म्हणजे सांगितलेली हकीकत. एन्याचा सरळ, बिनमुरकीचा स्वर त्याच मातीतला आहे. परंतु त्यावर शंभर थर चढले की शब्दांच्या कडा विरघळतात. हकीकत जाते आणि घुमारा राहतो.

इथे मला कुमारजींची आठवण होणे अपरिहार्य आहे. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेला हा माणूस १९४८ मध्ये प्रकृतीसाठी देवासला आला आणि अंथरुणावर पडल्या पडल्या रस्त्याने जाणाऱ्या बायकांची माळवी गाणी ऐकत राहिला. पुढे ती त्यांच्या गायकीत शिरली. ती भाषा त्यांची नव्हती, तरी माळवी शब्द त्यांच्या गाण्यात शब्द म्हणूनच राहिले. एन्याची आयरिश तिची स्वतःची, तरी ती 'स्टॉर्म्स इन आफ्रिका'मध्ये रंग होऊन बसली. तुलना विषम आहे, हे मला ठाऊक आहे. एकाचा मार्ग रागसंगीताचा, दुसरीचा बाजारातल्या गीताचा. तरी ती मनात येते.

माझ्या या तक्रारीला पुढे एन्यानेच, नकळत, पुष्टी दिली. २००१ मध्ये 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' चित्रपटासाठी तिने टोल्किन यांनी कल्पिलेल्या भाषेत काही ओळी गायल्या. तो अनुभव त्रयीला असा आवडला की, रोमा रायन यांनी 'लॉक्सियन' नावाची एक नवीनच भाषा आणि तिची लिपी निर्माण केली. २००५ च्या 'अमारान्टीन' अल्बमची तीन गाणी त्या भाषेत आहेत आणि २०१५ च्या 'डार्क स्काय आयलंड'मध्येही ती आली. म्हणजे आयरिशच्या खुर्चीवर कोणाच्याच आईची नसलेली भाषा येऊन बसली आणि ऐकणाऱ्या जगाला काही फरक पडला नाही. 'अमारान्टीन' ऐकताना मी जितका अस्वस्थ झालो तितका त्या तिघांच्या दुसऱ्या कोणत्याही कामाने झालो नाही. वाईट आहे म्हणून नव्हे, चांगले आहे म्हणून.

माझे हे मत मी बरीच वर्षे छातीठोकपणे सांगत असे. त्याला तडा गेला तो घरातच. माझी नात इंदूरच्या इंग्रजी शाळेत शिकते. हिंदी तिची बोलण्याची भाषा, मराठी आमच्याशी बोलण्यापुरती. गणेशोत्सवात आमच्या मंडळाच्या कार्यक्रमात दरवर्षी एक मराठी पद म्हणते आणि ते इतके सुरेख म्हणते की म्हातारी मंडळी डोळे पुसतात. गेल्या वर्षी तिच्या वहीत पाहिले, तर पद रोमन लिपीत उतरवलेले. 'ळ'च्या जागी तिने 'एल'खाली टिंब दिले होते. अर्थ विचारला तर पहिल्या दोन ओळींचाच सांगता आला. त्यानंतर काही दिवसांनी मी 'वॉटरमार्क'चे ते अखेरचे गाणे लावून बसलो होतो.

"आजोबा, ही कोणती भाषा?"

"आयरिश."

"तुम्हाला समजते?"

"नाही गं. इंग्रजी अनुवाद वाचला आहे, तेवढेच."

"मग रोज रोज काय ऐकता?" आणि थोडे थांबून म्हणाली, "मला तर म्हणता की, अर्थ समजल्याशिवाय गायचे नाही."

माझ्याजवळ उत्तर नव्हते. अजूनही पुरते नाही. पण त्या संध्याकाळी मी ते गाणे प्रथमच त्या मुलीच्या बाजूने ऐकले. त्याची रचना उरलेल्या अल्बमहून वेगळी आहे. चाल संथ, जवळजवळ पाळण्याची. थर आहेत, पण ते दूर मागे उभे राहतात आणि मुख्य आवाज पुष्कळसा एकटा ऐकू येतो. आशय साधाच, निश्चिंत बालपणीच्या दिवसांची आठवण आणि ते गेल्याची खंत. मग डेव्ही स्पिलेन यांचा आयरिश पाइप येतो. हे कोपराखाली भाता दाबून वाजवायचे वाद्य, त्यात तोंडाने फुंकावे लागत नाही. खाली एक स्वर अखंड धरलेला आणि वर चाल. तंबोऱ्यावर कान तयार झालेल्या माणसाला ते परके वाटतच नाही. सबंध अल्बममध्ये यंत्रांनी जे काही गुळगुळीत केले होते, ते हा पाइप एका फटक्यात खरवडून काढतो. त्याच्या स्वरात श्वास आहे, थोडी कर्कशता आहे.

हे गाणे इंग्रजीत का नाही? या चाळीस मिनिटांत घर, किनारा, परागंदा होणे, सगळे काही तिने इंग्रजीत आणि लॅटिनमध्ये सांगितले. बालपणाशी आल्यावर मात्र भाषा बदलली. बाजाराने तसे मागितले असेल असे मला वाटत नाही. बाजाराला 'ओरिनोको फ्लो' हवे होते आणि ते मिळालेही होते. मला वाटते, बालपण ज्या भाषेत घडले ती सोडून दुसरीत ते सांगताच येत नव्हते, आणि ऐकणाऱ्याला समजते की नाही हा विचार त्या जागी गौण ठरला. 'स्टॉर्म्स इन आफ्रिका'विषयीचा आक्षेप मी मागे घेत नाही. पण दोन्ही गाण्यांना एकच माप लावण्याची माझी जी चूक होत होती, ती मात्र मान्य करतो. एकात भाषा ऐकणाऱ्यासाठी वापरलेली आहे, दुसऱ्यात ती गाणारीची स्वतःची गरज आहे. ऐकणाऱ्याच्या कानाला दोन्ही सारखेच अनाकलनीय असले तरी फरक जाणवतो. कसा जाणवतो, ते सांगण्याइतके माझे संगीताचे ज्ञान नाही. नातीच्या पदात म्हातारे डोळे पुसतात ते कशाने, हेही मला सांगता येत नाही. तिला मी आता अर्थाची घोकंपट्टी करायला लावीत नाही. दर रविवारी तिच्याबरोबर बसून ते पद देवनागरीत लिहून काढतो, तिला वाटले तर ती शब्द विचारते.

एन्याने स्वतंत्र मैफिलीचा दौरा कधी केला नाही. शंभर आवाजांची बाई व्यासपीठावर एकटी कशी उभी राहणार, हे कारण असेलही. डब्लिनच्या दक्षिणेला किलायनी येथे तिने १९९७ मध्ये एक जुना किल्लेवजा वाडा घेतला आणि ती प्रसिद्धीपासून दूर राहते. मला यात काही गूढ दिसत नाही. ज्यांची मोठी कुटुंबे असतात त्यांना दार लावून घेण्याची हौस असतेच.

ज्यांना हा अल्बम ऐकावासा वाटेल त्यांना एक व्यावहारिक सूचना करतो. १९८९ मध्ये 'स्टॉर्म्स इन आफ्रिका' स्वतंत्रपणे काढले तेव्हा त्याची इंग्रजी आवृत्तीही केली गेली, आणि पुढच्या बहुतेक प्रतींत ती बारावी रचना म्हणून शेवटी जोडलेली आहे. तेच गाणे, तोच ठेका, फक्त शब्द इंग्रजी. त्यामुळे पाइपचा अखेरचा स्वर विरतो न विरतो तोच ढोल सुरू होतात. माझ्या जुन्या कॅसेटमध्ये अकराव्या रचनेनंतर फीत नुसती फिरत राहत असे आणि थोड्या वेळाने खटका पडून यंत्र बंद होई. नातीच्या मोबाइलवर तसे होत नाही, मला हात पुढे करून ते थांबवावे लागते.